खेडपासूनचं तिकीट

आगरदांड्याच्या जेटीकडे जाताना डाव्या हाताला जुनेराचं दुकान लागतं. दाखले, पासपोर्टचे फॉर्म, वीजबिलं आणि रेल्वेची तिकिटं. नवरा उझैर कुवेतला. दुकान ती एकटीच बघते. खाडीवरचा खारा वारा तिथे कुठलंच यंत्र धड टिकू देत नाही. कीबोर्डवरचं एक अक्षर दोनदा ठोकल्याशिवाय उमटायचं नाही, आणि माउसचं चाक सैल झालेलं. बोट नुसतं लागलं तरी ते पुढे पळायचं. नवीन आणू, आणू म्हणत राहून गेलं.

मे महिन्यात एक दिवस आवडाबाई आली. जवळच्या वाडीतली, पासष्टीची, एकटी राहणारी बाई. धाकटी बहीण नलू कणकवलीला दिलेली. तिचं दुखणं वाढल्याचा निरोप आला होता.

“बाय, उद्याच जाया पायजे,” ती म्हणाली. “उभं ऱ्हावत न्हाय आता. बसायला जागा मिळंल असं काढ.”

उद्याची जागा म्हणजे तत्काळ आरक्षण. ते ठरल्या वेळी उघडतं आणि मेमध्ये दोन-तीन मिनिटांत संपतं. जुनेरा आधीपासून तयार बसली. नाव, वय भराभर टाकलं. आवडाबाईकडे फोन नव्हता म्हणून नंबर दुकानाचाच दिला. गाडीत कुठून चढणार, त्या चौकटीत माणगाव आपोआप आलेलं होतं. तिने त्यावर एकदा टिचकी मारली आणि पान खाली सरकवायला चाक फिरवलं. पान हललं नाही. तिने पुन्हा फिरवलं, मग सरकलं. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकली, आणि जागा मिळाली. छापलेला कागद तिने न वाचताच आवडाबाईच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई पहिल्या फेरीबोटीने दिघीला उतरून एसटीने माणगावला गेली.

माणगावहून रेल्वे सुटून तास झाला असेल. दुसऱ्या कुणाचं तिकीट शोधताना जुनेराला कालचं तिकीट दिसलं. कुठून चढणार: खेड.

पान हललं नव्हतं तेव्हा चौकटीतलं स्टेशन सरकलं होतं. तिला नियम पाठ होता. चढायचं स्टेशन पुढचं लिहिलं असेल, तर त्याच्या आधी त्या तिकिटावर गाडीत बसता येत नाही. प्रवाशांची यादी लागली की बदलही करता येत नाही. तिने मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक दाबा, तीन दाबा करत शेवटी माणूस आला. त्याने विचारलं, “प्रवासी स्वतः बोलताहेत का?” ती नाही म्हणाली. मग प्रवाशाने स्वतःच गाडीतल्या तपासनिसाला भेटावं, असं त्याने सांगितलं.

त्यानंतर आवडाबाईचा पत्ता नव्हता. आठवड्याने जुनेरा वाडीवर जाऊन आली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “अजून न्हाय आली.”

दुकानात मात्र आवडाबाई येत राहिली. दारात सावली पडली की जुनेरा उठून उभी राहायची, आणि भलतंच कुणीतरी असायचं. फेरीबोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक म्हातारीचा चेहरा ती बघायची. तांदूळ निवडताना ताटात बोटं फिरली, तरी तिला चाक फिरल्यासारखं वाटायचं. माउस तिने खणात टाकला. सगळं कीबोर्डवरून करू लागली, प्रत्येक चौकट मोठ्याने वाचत, तीन-तीनदा. गिऱ्हाइकं वैतागायची. सासू म्हणाली, “जुनेरा, कुणाशी बोलतेस गं?”

अठराव्या दिवशी दुपारी आवडाबाई खरोखर आली आणि बाकड्यावर बसली.

“नलू गेली बाय.”

जुनेरा उठून तिच्याशेजारी येऊन बसली.

“टीसी म्हणाला, आजी, तुमचं तिकीट खेडपासून, इथनं का चढलात? पुढल्या स्टेशनावर उतरवलं. मंग एसटी, मंग दुसरी एसटी. दुसऱ्या दिशी पोचली. पहाटंच गेलेली ती.” तिने पदराने तोंड पुसलं. “तू सांगितलं असशील खेडवरनं बस म्हणून. मलाच ऐकू आलं न्हाय. तुझं तिकीट मी फुकट घालवलं.”

गप्प राहणं सोपं होतं. जुनेराने एक श्वासभर तसा विचारही केला.

मग ती म्हणाली, “मावशी, तुम्ही नाही चुकलात. मी चुकले.” खणातून माउस काढून तिने समोर ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

आवडाबाईने ते चाक बोटाने फिरवून पाहिलं. “ह्यानं?”

“आणि मी कागद वाचला नाही.”

आवडाबाईने माउस परत तिच्याकडे सरकवला. मग म्हणाली, “नलूचा पोर मला बोलला, मावशी, यायचं असतं तर आली असतीस. काय झालं ते तूच त्याला सांग.”

कागदावर लिहून आणलेला नंबर तिने पुढे केला. पोराचं नाव तुकाराम. जुनेराने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

“आईने शेवटपर्यंत दाराकडे बघितलं,” तो म्हणाला. “आता हे ऐकून काय करू मी?” फोन बंद झाला.

“काय म्हणाला?” आवडाबाईने विचारलं.

“ऐकून घेतलं त्याने.”

तीन दिवसांनी त्याचाच फोन आला, “मावशीला बोलवाल का?” दुकान उघडं टाकून जुनेरा वाडीवर धावत गेली आणि तिला घेऊन आली. फोन तिच्या हातात देऊन आपण बाहेर जाऊन थांबली. आत रडणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते.

माउस नवा आणला, पण जुनेरा अजून तो वापरत नाही. तिकिटं काढते, कारण जवळपास दुसरं कुणी काढत नाही. आवडाबाई आठवड्यातून एकदा मासळी घ्यायला जेटीवर येते. कधी दारात थांबून दोन शब्द बोलते, कधी मान खाली घालून पुढे निघून जाते. ती न बोलता गेली, की त्या दिवशी जुनेराच्या हातून एकही फॉर्म पुढे सरकत नाही.