घर न बघितलेली नळी

रेखाचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे निवडत बसले होते. आमची भट्टी बंद पडल्यापासून शेवटचं पोतं घरी आणून ठेवलं होतं, कीड लागू नये म्हणून रोज थोडं थोडं सुपात घेऊन बघायचे. रेखा म्हणजे शालनची एकुलती एक लेक. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. फोन कानाला तसाच आणि हात मात्र, खरं सांगते, थांबलाच नाही. सुरकुतलेला दाणा डावीकडं, टपोरा उजवीकडं, काळपट डावीकडं. ही सवय शालननंच लावलेली. भानावर आले तेव्हा रेखा पलीकडून विचारत होती, "मावशी, ऐकतीस ना?"

मी केम गावची, शालन मोडनिंबकडची. नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागं दोघी सोलापुरात आलो, शेजारी राहिलो आणि नवरे गेल्यावर पत्र्याची एक खोली भाड्यानं घेऊन शेंगाचटणी करायला लागलो. नंतर पद्मा आली. पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम. पद्मा मिरची-लसूण कुटायची, मी मीठमसाला बघायचे, शालन दाणे भाजायची. पण भाजणं हे तिचं वरचं काम. खरं काम खरेदीचं. कुठला माल कुणाकडनं घ्यायचा, आणि घेण्याआधी त्या माणसाला किती पारखायचं, हे तीच ठरवायची.

त्याच्या तिनं तीन पायऱ्या केल्या होत्या, आणि खोलीतल्या तीन फळ्यांवर मालही तसाच वरखाली लावलेला. पहिली पायरी "घर बघायचं". म्हणजे देणाऱ्याच्या गोदामात स्वतः जायचं, माल कुठं ठेवतो, पावसात काय करतो, उंदीर किती, सगळं बघायचं. शेंगदाणे आणि मिरची या पायरीवर. दुसरी "मूठ बघायची". जायचं नाही, पण आलेल्या प्रत्येक पोत्यात हात घालून बघायचं. मीठ, लसूण, जिरं यात. आणि तिसरी "डोळे झाकून". झाडू, दोरा, काडेपेटी, घासणी. जिथं मिळेल तिथनं घ्या. मी एकदा म्हटलं, "अगं सगळ्यांचीच घरं बघू की, काय बिघडलं?" तर म्हणाली, "आन् चटणी कवा करायची? झाडूवाल्याचं घर बगत फिरलो तर दाण्याचं गोदाम बगायला पाय ऱ्हायचे न्हाईत, अक्का." बरोबरच होतं की ते. आजही मला ते बरोबरच वाटतं.

घर बघितलेल्या माणसाचं पोतं आलं की ती त्याला कुंकवाचं बोट लावायची. तिचा स्वतःचा करंडा होता, पितळेचा, लग्नातला. नवरा गेल्यावर तसाच पडून होता. पहिल्यांदा तिनं तो खोलीवर आणला तेव्हा पद्मा चपापली. शालन हसली, "माज्या कपाळाला चालत न्हाय म्हनत्यात. पोत्याला कोन अडवतंय?"

तिच्याबरोबर मी मोडनिंबला एका दाण्याच्या व्यापाऱ्याकडं गेले होते, ते कधी विसरायची नाही. तात्या म्हणायचे त्याला सगळे. त्यानं नमुना पुढं केला, चहा सांगितला. शालननं चहा घेतला, नमुन्याकडं बघितलंही नाही. "गोदाम दावा, तात्या."

"बाई, नमुना दिलाय की."

"नमुना नटून बसलेला असतोय. घरात कसा ऱ्हातोय ते बगायचंय मला."

आत गेली आणि भिंतीकडचं सगळ्यात खालचं पोतं सोडायला लावलं. कोपरापर्यंत हात घातला, मूठ नाकाशी नेली. मग भिंतीला तळवा लावून उभी राहिली... भिंत ओलसर होती. तात्या कावले, "माल घ्यायला आलाय का पोरगी बगायला?"

"पोरगी बगायला एवढा येळ लावत न्हाय मी," शालन म्हणाली, "पोरगी बोलती तरी. दाण्याला आलेली बुरशी बोलत न्हाय, खानाऱ्याच्या पोटात जाऊन बसती." पुढच्या खेपेला तात्यांनी पोत्यांखाली फळ्या टाकल्या होत्या, पोती भिंतीपासून हातभर लांब. तेव्हा कुठं त्यांच्या पोत्याला कुंकू लागलं. तिच्यावर रागावलेला तो माणूस तिच्या दहाव्याला मोडनिंबहून आला आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसून राहिला.

म्हणजे बघा, ती निष्काळजी बाई नव्हती. कुणी तसं म्हटलं तर मला सहन होत नाही. पॅकिंगच्या पिशव्या सुरुवातीला तिसऱ्या पायरीवर होत्या. एकदा पिशवीला रॉकेलसारखा वास आला, तर तिनं सगळा गठ्ठा परत पाठवला आणि पिशवी त्या दिवशीच दुसऱ्या पायरीवर नेली. का, तर पिशवी चटणीला लागते आणि चटणी तोंडात जाते. तिचं सगळं गणित तोंडावर होतं. तोंडात मुठीनं जाणारं वर, चिमटीनं जाणारं नाहीतर नुसतं लागणारं मध्ये, बाकीचं खाली.

रेखा चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात खरेदीच्या ऑफिसात आहे. एका रविवारी खोलीवर आली आणि आईच्या पायऱ्या ऐकून हसायला लागली. "अगं, आमच्याकडं पण हेच असतं. सप्लायरच्या लेव्हल असतात. कुणाच्या कारखान्यात जाऊन तपासायचं, कुणाचा नुसता नमुना बघायचा, कुणाला काहीच विचारायचं नाही." शालनला कोण आनंद! पण रेखा पुढं म्हणाली, "फक्त आम्ही वस्तू लहान का मोठी ते बघत नाही. ती बिघडली तर काय होईल, ते आधी विचारतो. साधा बोल्ट असला तरी."

"आमच्यात बिघडलं तर वास येतोय की," शालन म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. रेखा पण हसली.

पुढं भट्टीच्या गॅस शेगडीची नळी कडक झाली होती, वाकवली की चिरा दिसायच्या. बदलायला पाहिजे हे शालनच्याच लक्षात आलं. बाजारातनं येताना जिथं ती झाडू आणि घासण्या घ्यायची त्या हातगाडीवर नारंगी नळी टांगलेली दिसली, ती घेऊन आली. पद्मानं विचारलं, "कसली आहे?" तर म्हणाली, "नवी हाय. नळी काय कुनी खातंय का?" आणि बसवली. दिसायला छान होती हो... जुन्या नळीपेक्षा जास्त चकचकीत.

त्या सकाळी ती नेहमीसारखी कढईपुढं बसली होती. मी दाराशी, पद्मा उखळापाशी. नळी शेगडीजवळ फाटली. आवाज फार मोठा नव्हता, कापड टरकावल्यासारखा. आणि मग ज्वाळा तिच्या अंगावर. पद्मानं ओलं पोतं टाकलं, मी टाकीचा कॉक फिरवला... यापुढचं मी लिहीत नाही. लिहायला गेले की दाण्यांचाच वास येतो, भाजून करपलेल्या दाण्यांचा.

दवाखान्यात ती शुद्धीवर होती, तेच वाईट. एका दुपारी रेखा औषध आणायला खाली गेली तेव्हा तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. ओठ सुजलेले, शब्द तुटत तुटत.

"अक्का, नळीचं घर कुनी बगितलं हुतं?"

"आता ते कशाला? बरी हो आधी."

"बरी व्हायचं ऱ्हाऊ दे. इचारतीय ते सांग."

हातगाडीवाल्याला शिव्या घालता आल्या असत्या, नशीब म्हणता आलं असतं. पण तिनं जन्मभर कुणाच्या गोड बोलण्यावर माल घेतला नव्हता. म्हटलं, "कुणीच नाही, शालन."

"व्हय. रेखा म्हनली हुती की... बिघडलं तर काय हुतंय ते बगा म्हनून. मी दाण्याचं बगत बसले." मग म्हणाली, "खालचं फळकूट पुन्ना लाव. एकेक वस्तू हातात घिऊन इचार. आन् पद्माला इचार... ती भेलीया, भेलेल्याला आधी दिसतंय."

त्यानंतर तिचं नीट बोलणं झालंच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी आणि पद्मा खोलीवर गेलो. भिंत काळी. पद्मा उंबऱ्याच्या आत येईना. "नको अक्का. आता भट्टी नको." मी तिला आग्रह केला नाही. नुसतं खालचं फळकूट रिकामं करायला लागले, शालननं सांगितलं होतं म्हणून. झाडू उचलला, म्हटलं, "हा बिघडला तर काय होतं?" पद्मा बाहेरनंच म्हणाली, "काय होणार? केर राहतो." दोरा? "तुटतो." मग शेगडीच्या टाकीचं रेग्युलेटर हातात घेतलं. पद्मा आत आली, ते माझ्या हातातनं घेतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, दाण्यांच्या जागेशेजारी, ठेवलं. मग मिक्सरची वायर. मग बटणाचा बोर्ड. सगळी वर.

मी त्या हातगाडीवाल्याला शोधत गेले. भांडायचं म्हणूनच गेले होते. म्हातारा माणूस. नळी कुठनं आणतोस विचारलं तर म्हणाला, "एक जण गठ्ठा टाकून जातोय, आजी. त्यो कुटला, मला तरी काय म्हाईत?" म्हणजे त्या नळीला घरच नव्हतं. हा एक प्रश्न तिनं उभ्या उभ्या विचारला असता तरी पुरे होतं... दाण्यांसाठी ती मोडनिंबला जायची.

नवी नळी मी आणि रेखानं जाऊन आणली. दुकानदारानं नळीवरचा शिक्का आणि साल दाखवलं, कंपनीचा कागद दाखवला. तुकडा कापून आतली तारेची जाळी दाखवली. "आजी, नळी घ्यायला एवढी चौकशी कुणी करत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "आमच्यात पण कुणी केली नव्हती."

रेखानं करंडा मला दिलाय. नळी बसवल्यावर मी तिला कुंकवाचं बोट लावलं. पण नारंगी नळीवर ते कुंकू दिसेना. पुन्हा लावलं, तरी नाही. मला एकदम रडूच आलं... तेव्हा पद्मा खाली बसली आणि तिनं टाकीपासून शेगडीपर्यंत सबंध नळीवरनं हळूहळू बोट फिरवत नेलं, वाकवून बघितलं, मग ते बोट उजेडात धरलं. लाल झालं होतं.

आता रोज भट्टी लावायच्या आधी ती तसंच करते. बोटाला लाल लागलं नाही तर मला हाक मारते, मी करंडा घेऊन जाते. तोवर काडेपेटी तिच्या कमरेलाच खोचलेली असते.