खाऱ्या वाऱ्यातली मोटार

निरोप आला तेव्हा मी सोलापुरातच, गिरणीच्या ऑफिसात होतो. "काका गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत," सिद्रामप्पाचा पुतण्या सांगत होता. खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर पोटाच्या दुखण्यानं तळमळणारा माझा मित्र झोपेतच गेला होता... रडू नंतर आलं.

पूर्वी सिद्रामप्पा सोलापूर स्टेशनापासून अक्कलकोट, दुधनीपर्यंत भाड्यानं मोटार चालवायचा. त्याची बायको गौरवा, माझी वहिनी, हिला दमा. डॉक्टरांनी समुद्राची हवा सुचवली, तसा हा तिला मोटारीत घालून थेट मालवणला जाऊन राहिला. तेव्हा मोटार नवी होती. इंजिनाची झाकणं, दांड्या, सगळ्यांवर क्रोमचा मुलामा. याला गंज धरत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. पण महिन्याभरातच त्यावर तांबूस ठिपके उठले. सिद्रामप्पानं ते राखेनं घासले, तर मुलामाच खरवडला आणि गंज आत शिरला. एके सकाळी पेट्रोल सोडणारी दांडी सांध्यात अडकून बसली आणि मोटार बाजारातच बंद पडली.

"लई खारं वारं हाय हितं," मी रजा काढून तिकडं गेलो तेव्हा तो म्हणाला. "गौरवाला मध्येच काय झालं, तर डॉक्टर लांब हाय. मोटार चालू राहायलाच पायजे की!"

मग त्यानं राख सोडली. रोज संध्याकाळी इंजिन गार झालं की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मीठ पुसायचं, कोरडं करायचं आणि ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. सांध्यांत तेलाचे थेंब. मला कंटाळा यायचा, त्याला कधीच नाही.

मी परत निघायच्या आदल्या सकाळी वहिनींना जोराची धाप लागली. ओठ निळे पडले, बोलणं थांबलं. आम्ही त्यांना उचलून मोटारीत बसवलं. सिद्रामप्पानं हँडल फिरवलं... इंजिन गप्प. दुसऱ्यांदा फिरवलं आणि इंजिन धडधडलं. दांडी सुरळीत हलली. कुडाळच्या दवाखान्यापर्यंत तो एवढंच म्हणत होता, "गौरे, भिऊ नगंस. आलंच की."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. हळूहळू वहिनींचा श्वास संथ झाला. त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं, तसा हा धिप्पाड माणूस दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला आणि हसू लागला. हसता हसता डोळे पुसू लागला.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. त्याची बाज अजून खिडकीपाशीच आहे. वहिनींनी आपली वाकळ तिच्यावर अंथरली होती.

"वर्षभर त्यांच्या कण्हण्याला कान लावून बसले, भावजी," त्या म्हणाल्या. "आता त्यांच्याच जागी निजते. आन् झोप लागते बगा."