काचेवरचं रक्त

जव्हार संस्थानच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो, तेव्हा तिथे आजार एकच होता, हिवताप. आणि औषधही एकच, कोयनेल. पोटाच्या डाव्या अंगाला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली दिसली की दुसरा विचार कोणी करत नसे. मला मात्र रक्त बघायचं वेड. माझा सूक्ष्मदर्शक घाट चढून आला, तेव्हा एका कारभाऱ्याने विचारलं होतं, "यातून तारे दिसतात का?" अशा माणसांत मी दिवस काढत होतो. बायकोला इथली हवा मानवली नाही, ती मुलांना घेऊन नाशकाला राहायची.

साखरशेतचा एक शेतकरी आला. भात-नागली पिकवणारा, चाळिशीच्या आतला. पानथरी पार बेंबीपर्यंत आलेली. कोयनेलचा गुण येईना, म्हणून त्याच्या बोटातला थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि भिंगाखाली धरला. हिवतापाचा जंतू कुठेच नव्हता. पांढऱ्या पेशींची मात्र जत्रा भरली होती. असं रक्त मी शिकत असताना फक्त चित्रात पाहिलं होतं. आज त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात. मी खुर्चीतून उठलोच. कंपाउंडरला हाक मारून दाखवलं. त्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "कोयनेल वाढवू का?" पालथ्या घड्यावर पाणी!

मग तो दर बाजाराच्या दिवशी येऊ लागला. मी त्याला सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, थेंब पाण्यातून द्यायचो आणि बोटातून नवा थेंब घ्यायचो. पांढऱ्या पेशी कमी व्हायला लागल्या, पोटही उतरलं. हे टिकणारं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बाजाराच्या दिवशी सकाळपासून माझे डोळे वाटेकडे लागायचे.

एकदा त्यालाच भिंगातून बघायला लावलं.

"हा मीच का?" त्याने विचारलं.

"तूच. या रंगवल्याने जांभळ्या दिसतात ना, त्या पांढऱ्या पेशी. त्या माजल्यात."

"म्हंजे खाचरात तन माजलाय." तो हसला. "बेनून काढला तरी परत येल."

त्याला जे कळलं ते जव्हारात दुसऱ्या कोणाला कळलं नव्हतं.

काचा मी एका लाकडी पेटीत ओळीने लावून ठेवत होतो. हिवाळ्यात मुंबईला डॉक्टरांची सभा भरणार होती. तिथे त्या मांडायच्या, कोणीतरी जाणता माणूस भिंगावर वाकेल आणि म्हणेल, बरोबर आहे तुमचं. एवढ्या एका वाक्यासाठी मी झुरत होतो. त्या काचा नसत्या, तर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

दिवाळीनंतर तो यायचा थांबला. आली ती त्याची बायको. हातात बांगड्या नव्हत्या, ते पाहूनच मी समजलो.

"डाकतर, तो गेला," ती म्हणाली. "उद्या त्याचा दिस घालायचा हाय. त्याचा जा कुनाकडं हाय, ता घरी आनायचा. कोयता भावाकडं होता, तो आनला. रगत तुज्याकडं हाय. ता दे."

मी तिला पुष्कळ समजावलं. या काचा मुंबईला दाखवल्या तर पुढे अशा आजारी माणसांना उपयोग होईल, तू म्हणतेस ते रक्त आता नुसता डाग आहे, असंही बोललो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला तिचा रागही आला. माझ्या एकट्याच्या कष्टाचं होतं नव्हतं ते सगळं ही मागत होती.

शेवटी चिडून म्हणालो, "औषधासाठी तो इतका चालत यायचा, ते काय उगीच?"

"औषदाला नाय येत होता," ती म्हणाली. "औषदानं बरा नाय होनार, ता त्याला म्हायती होता. मागल्या बाजाराला चालवत नव्हता, तरी निगाला. ओहळात पडला, उचलून आनला. मी म्हनली, आता कशाला जातोस? तं बोलला, त्या डाकतराला कोनी नाय. मी नाय गेलो तं तो काच कुनाला दाखवल?"

मी पेटी उचलून तिच्या हातात दिली. तिने ती मुलाला घ्यावं तशी कडेवर घेतली आणि वाटेला लागली.