पांढऱ्या पावडरीचा मालक

धाड गावच्या बाजारगल्लीत उकंडराव चक्कीवाल्यांना हळू बोलताना आजवर कोणी ऐकलेलं नाही. सारा जन्म चक्कीच्या घरघराटात गेल्यामुळे त्यांचा गळा एकाच पट्टीत बसला आहे. ते शेजाऱ्याच्या कानात काही सांगू लागले, की पलीकडच्या गल्लीतली माणसं माना डोलावतात. नावही आईनं मुद्दाम असं ठेवलेलं. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला उकिरड्यावर लोळवून उचललं. यमाला वाटावं, हा कचरा, याला काय न्यायचं! असा जन्मतःच यमाला चकवलेला माणूस फोनवरच्या भामट्याला मात्र पहिल्याच वाक्यात सापडला.

त्या आठवड्यात चक्कीची मोटर जळाली होती. नव्या मोटरीपुरते पैसे खात्यात कसेबसे जमले होते. ते गेले असते तर चक्कीला कायमचं कुलूप. बुलढाण्याहून मोटर आणायची म्हणून उकंडराव सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला साहेब, मागे झेंडा, बाजूला फायलींची चळत.

"आपके नाम का पार्सल पकडा गया है. उसमें पाँच किलो सफेद पावडर निकला है."

दुसरा कोणी असता तर हादरला असता. उकंडरावांचा चेहरा उजळला. शिकायला, नोकरीला बाहेर पडलेल्या लेकरांना धाडहून एसटीनं पीठ जातं, आणि ते त्यांच्याच चक्कीवरचं असतं.

"बारीक हाये का जाडं?" त्यांनी विचारलं.

"क्या?"

"पावडर हो, साहेब. चिमटीत धरून पाहा. बारीक असंन तर माह्याच हातची."

साहेबाची खुर्ची पुढे सरकली. इतका झटपट कबुलीजबाब त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मिळाला नसावा. "किस किस को देते हो?"

"साऱ्या गावाले! मास्तर नेतात, सरपंच नेतात. पोलीस पाटलाच्या घरी तर दर आठवड्याले जाते."

साहेब घोटभर पाणी प्यायला. मग आवाज चढवून म्हणाला, "आप डिजिटल अरेस्ट में हो. दरवाजा बंद करो. किसी को बताना नहीं. खाते का पूरा पैसा जाँच के लिए हमारे खाते में डालो."

आता मात्र उकंडराव घाबरले. पीठ दळणं गुन्हा केव्हापासून झाला, ते त्यांना कळेना. पण वर्दीपुढे कोण वाद घालणार? त्यांनी दार लोटलं, चष्मा शोधला, बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजायचं ठरवलं.

"साहेब, मी कोणालेच सांगत नाही! अटक झाली हे बायकोले बी नाही सांगत! मोटरीचे पैसे आत्ता टाकतो!"

कुजबूज बसथांब्यापर्यंत गेली. प्रवासी भरणाऱ्या जीपवाल्यानंही ओरडणं थांबवलं.

आधी त्यांची बायको झुंबरबाई आल्या, कणकेचे हात तसेच. "काऊन हो? काय करून बसले तुमी?"

"पीठ पकडलं," उकंडराव रडवेले झाले.

हे ऐकताच शेजारच्या खुर्शीदाभाभी घरात घुसल्या. त्यांनी परवाच जालन्याला, लेकीकडे पीठ पाठवलं होतं. "कोन है वो? मेरे यास्मीन का आटा कायकू पकड्या?"

"मॅडम, आप बाहर जाइए. ये सीक्रेट जाँच है."

"कित्ता निकल्या बोल्या?"

"पाँच किलो."

"मैं छे दी थी!" भाभींनी फोन नाकाशी धरला. "एक किलो किधर गया रे? खा गया?"

एव्हाना दारात गर्दी झाली होती. आजाऱ्याला भेटायला जावं तसे लोक अटकेला भेटायला आले होते. कोणी चहा आणला होता, कोणी केळी. साहेबानं पीठ खाल्ल्याची बातमी मागच्या रांगेत पोचली, तशी गल्लीतली पंचफुला तिथूनच ओरडली, "माह्या दळणात बी मांगं पीठ कमी भरलं होतं! यानंच नेलं असंन!"

उकंडराव ताडकन उठले. कित्येक वर्षांचा कलंक धुऊन निघत होता. "ऐकलं काय सारे? मी काय म्हणत होतो? माह्या चक्कीत पीठ कमी होत नाही! चोर हा हाये!"

"सबको अरेस्ट करूँगा!" साहेब किंचाळला.

"कर बे! पण आधी पीठ काट्यावर ठेव!" उकंडराव गरजले.

या गदारोळात एकट्या झुंबरबाईंचं लक्ष नवऱ्याच्या बोटाकडे होतं. पैसे पाठवायच्या बटणावर ते टेकायच्या बेतात होतं. त्यांनी कणकेच्या हातानंच फोन हिसकला. "अटक करायची तं घरी ये ना. फोनात बसून कोणी अटक करते काय? आन् पोलिसाले आमच्या मोटरीचे पैसे कायले पाहिजे?"

झुंबरबाईंनी कॉल कापला आणि नवऱ्याला १९३० नंबर लावायला बसवलं. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे करतात. पलीकडच्या बाईंनी "काका, जरा हळू" असं बरेचदा विनवलं. खुर्शीदाभाभींनी आपलं किलोभर पीठही तक्रारीत घालायला लावलं.

मग झुंबरबाईंनी घटकाभरही उसंत दिली नाही. नवऱ्याला जीपमध्ये कोंबून बुलढाण्याला नेलं आणि संध्याकाळच्या आत मोटर चक्कीत आणून टाकली. चार बाप्यांना ती उतरवताना घाम फुटला. झुंबरबाईंनी तिच्या गार लोखंडी पाठीवर थाप मारली.

"आता म्हणा त्याले, हे पैसे कर ट्रान्सफर."