आजोबांनी मारलेला वाघ

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने एकतीस वाघ मारले होते, आणि त्यातले निम्मे तरी माझ्या जिल्ह्यातले होते.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. मी साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत होतो आणि बायको कौन्सिलच्या लायब्ररीत होती. मुलीची शाळा साडेतीनला सुटायची, बायको साडेपाचला घरी यायची. मधल्या दोन तासांचं काय करायचं या विवंचनेत आम्ही असताना शेजारचा म्हातारा आपणहून कुंपणाशी आला आणि म्हणाला, मुलीला माझ्याकडे बसू द्या, मलाही सोबत होईल. स्वातंत्र्याआधी तो मध्य प्रांतात जंगल खात्यातला बडा साहेब होता. मेळघाटात त्याची बारा वर्षं गेली होती. मी अमरावतीचा आहे हे कळल्यावर त्याने माझा हात इतक्या जोरात दाबला, की जणू मीच त्याच्या गावाहून आलो होतो.

मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

त्याच्या पुढच्या खोलीत भिंतीवर वाघाचं कातडं होतं. काचेचे डोळे, उघडा जबडा, जिभेला गुलाबी रंग. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती घाबरली, दुसऱ्या दिवशी तिने त्या जबड्यात हात घालून पाहिला आणि तिसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर वाघाशिवाय विषय उरला नाही. जी पोर आम्ही मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, ती आता "मचाण", "हाका", "नाला", "सांबर" असं बोलायला लागली. तेही साहेबी उच्चारात. नाला म्हणताना ळ की ल हे त्या माणसाला शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं, तसंच तिलाही येईना.

"बाबा, तुम्ही किती वाघ बघितला?" एकदा तिने विचारलं.

"अगं, तिथे वाघ रस्त्यावर फिरत नाहीत."

"पण साहेबआजोबा म्हणतो, तिकडे सगळ्यांना वाघ दिसते."

साहेबआजोबा हे नाव माझ्या बायकोने शिकवलं होतं. वडीलधाऱ्या माणसाला नुसतं मिस्टर म्हणणं तिला बरं वाटेना. आता खरं सांगायचं तर मी आयुष्यात वाघ पाहिला होता तो फक्त नागपूरच्या महाराजबागेत, पिंजऱ्यात, झोपलेला. मेळघाटापासून दोन तासांवर जन्मलो आणि वाढलो, पण जंगलात पाऊल टाकलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं. पण ते पिकलेलं सगळं एकट्या या माणसाने उचलून नेलं आणि आता माझ्याच मुलीला, माझ्याच घराशेजारी बसून, घासाघासाने भरवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बायको हसायची. "अहो, ऐंशीला टेकलेल्या माणसाशी कसली बरोबरी करता? उलट पोरगी चार मराठी शब्द शिकली."

"ते मी शिकवायला नकोत?"

"मग शिकवा ना. नाही कोण म्हणतंय?"

मी प्रयत्न केला. रविवारी मुलीला समोर बसवून अंबादेवीचं देऊळ, शाळेतल्या मास्तरांचा मार, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं असं सगळं सांगितलं. तिने शहाण्या मुलीसारखं ऐकलं आणि घड्याळाकडे पाहत विचारलं, "बाबा, मी आता साहेबआजोबाकडे जाऊ? आज तो बिबट्याचा स्टोरी सांगणार." मी जा म्हटलं. ती चपला घालायलासुद्धा थांबली नाही.

अशातच तिच्या शाळेतून चिठ्ठी आली. प्रत्येक मुलाने घरातलं एखादं मोठं माणूस वर्गात आणायचं आणि त्या माणसाने जुन्या काळातली आपल्या घराण्याची गोष्ट सांगायची. ज्यांचे आजी-आजोबा लांब आहेत त्यांनी शेजाऱ्यांना आणलं तरी चालेल, असं खाली लिहिलं होतं. मुलीने चिठ्ठी माझ्या हातात देण्याआधीच ठरवून टाकलं होतं. ती साहेबआजोबांना नेणार होती.

"घराण्याची गोष्ट म्हटलंय," मी म्हणालो. "तो आपल्या घराण्यातला आहे का?"

"पण त्यांच्याकडे टायगर आहे, बाबा. तुमच्याकडे काय आहे?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "तुझ्या आजोबांनी वाघ मारला होता."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. माझ्याकडे पाहताना तिचे डोळे तसे झालेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. मग मला थांबवेना. नऊ फूट आठ इंचांचा वाघ, नरभक्षक, दोन गावं त्याच्या दहशतीखाली, आणि माझे वडील एकटे, पायी, हातात एकनळी बंदूक.

माझे वडील जंगल खात्यात कारकून होते. कारकुनाला बंदूक कोण देणार? साहेबाचा मुक्काम पडायचा असला की गावोगावच्या पाटलांना चिठ्ठ्या लिहायच्या, हाक्याला दोनशे माणसं जमवायची, रानात एका टोकाला त्यांना डबे-ढोल घेऊन उभं करायचं, एवढंच त्यांचं काम. माणसं ओरडत वाघाला रेटत आणायची आणि साहेब मचाणावरून गोळी घालायचा. आयत्या बिळावर नागोबा. एकदा जखमी वाघाने हाक्यातल्या एका माणसाला फाडलं. साहेब वाघाच्या मागावर गेला आणि त्या माणसाच्या बायकोला सांगायला माझे वडील अकरा मैल चालत गेले. ती दळत बसली होती, आणि ऐकल्यावरही बराच वेळ तिने जातं थांबवलं नाही, असं ते सांगायचे. तो साहेब आमचा शेजारी नव्हे, दुसरा कुणी. ही गोष्ट मला पाठ होती. पण तिच्यात माझ्या वडिलांच्या हातात बंदूक नव्हती, म्हणून ती मला सांगावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थातच ही बातमी कुंपणापलीकडे पोचली. मुलगी प्रश्न घेऊन परत आली. वाघ मोजला कसा? नाकाशी आणि शेपटाशी खुंट्या ठोकून सरळ, की अंगाच्या वळणावरून टेप फिरवून? मला कुठे ठाऊक? मी म्हटलं, टेप फिरवून. तिने मान हलवली आणि निरोप पोचवला. पुढचा प्रश्न आला, कातडं कुठे आहे? मी म्हटलं, वाळवी लागली. मग तीच म्हणाली, "काहीच नाही उरलं?"

तेव्हा मला वाघनख आठवलं. मी तान्हा असताना गळ्यात घातलेलं, दोन नखं समोरासमोर जोडून सोन्यात मढवलेलं. आमच्याकडे पोराला दृष्ट लागू नये, ते धीट व्हावं म्हणून घालतात. आईने इकडे येताना ते माझ्या सामानात बांधून दिलं होतं. मी कपाटातून डबी काढली आणि मुलीच्या तळहातावर ठेवली. "हे त्याच वाघाचं," मी म्हणालो.

मला आतून ठाऊक होतं की ते खरं असण्याचा संभव कमीच. वाघ पडला की साहेबाचा पट्टेवाला त्याच्या उशाशी पहारा द्यायचा. हाकेवाले मिशा उपटतील, नखं पळवतील म्हणून अठराच्या अठरा नखं मोजून घेतली जायची. कारकुनाच्या घरी ती यायची कुठून? अमरावतीच्या सराफाकडे म्हशीच्या शिंगातून कोरलेली नखं हवी तेवढी मिळायची. पण मी वडिलांना कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीत माणसाला थोडी जागा असते.

चार दिवसांनी म्हाताऱ्याने मला चहाला बोलावलं. मी हॉस्पिटलातला सूट घालूनच गेलो. मुलगी त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली होती. त्याने वाघनख हातात घेतलं, भिंग लावलं, खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिलं. मी भूल देताना रुग्णाचा श्वास जसा मोजतो तसा माझाच श्वास मोजत होतो.

"युवर फादर वॉज इन द फॉरेस्ट ऑफिस, आय बिलीव्ह? अ क्लार्क?"

"येस," मी म्हणालो.

त्याने भिंग खाली ठेवलं. एकदा मुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढच्या पंजाचं आहे, डॉक्टर. मोठा नर. ही मस्ट हॅव बीन अ बेटर शॉट दॅन आय एव्हर वॉज." आणि माझ्यासाठी खास मराठीत म्हणाला, "शाबास. लई शाबास."

मी जिंकलो होतो. एकतीस वाघांच्या धन्याने माझ्या वडिलांपुढे मान तुकवली होती, तीही माझ्या मुलीसमोर. त्या दिवशी मी चहात दोन चमचे साखर घातली आणि त्याच्या कातड्याकडे पाहून, जरा झिजलंय हो, असं म्हणूनही घेतलं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, शाळेत बाबाच येणार.

मी अर्धा दिवस सुट्टी काढून गेलो. तीस मुलं जमिनीवर बसली होती. मी वाघ उभा केला, डरकाळी फोडली, वडिलांना गुडघ्यावर बसवून नेम धरायला लावला. मुलं आ वासून ऐकत होती. वाघनख हातोहात फिरलं. एका मुलाने विचारलं, भीती नाही वाटली का त्यांना? मी म्हटलं, आमच्या घराण्यात कुणाला भीती वाटत नाही. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. माझी मुलगी मागच्या रांगेत होती आणि आपल्या बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होती.

बससाठी उभे असताना मी तिला विचारलं, "कशी झाली गोष्ट?"

"गुड," ती म्हणाली.

"साहेबआजोबांपेक्षा चांगली?"

तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर वर ओढला. मी पुन्हा विचारलं. माझा स्वभावच तसा.

"बाबा, ते नख नाही, बफेलोचं हॉर्न आहे," ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "खरा नख कांद्यासारखा असतो, लेयर्स-लेयर्स. साहेबआजोबाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. तुम्ही मला दिलं ना, त्याच दिवशी मी नेऊन दाखवलं. त्यांनी लगेच सांगितलं."

"मग चहाच्या वेळी..."

"मी सांगितलं त्यांना तसं बोलायला. ते नो म्हणत होते. शिकारीबद्दल ते कधी लाय करत नाहीत. मला तीन दिवस प्लीज, प्लीज करावं लागला."

शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की तीन दिवस ती दोघं त्या खोलीत बसून माझ्याबद्दल बोलत होती, माझं काय करायचं ते ठरवत होती, आणि मी भिंतीच्या अलीकडे होतो. त्या माणसाने माझ्या मुलीखातर आयुष्यात कधी न मोडलेला नियम मोडला होता. तेवढं मी तिच्यासाठी काय केलं होतं?

"का पण?" मी विचारलं. आवाज चढलाच. "कशाला सांगितलंस त्यांना खोटं बोलायला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी माणसाकडे पाहावं तसं.

"कारण तुम्हाला जिंकायचं होतं ना, बाबा," ती म्हणाली. "सो मच. आणि त्यांना नव्हतं."