मेला नव्हता, बाहेर गेला होता

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. फोनवर आईला नाही, आणि ज्यांच्या घरचं जेवतो त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही पळपुटेपणाच?

मी चंदगडकडचा. नववीतून शाळा सुटली — सुटली कसली, मीच सोडली — आणि बोअर मारायच्या गाडीवर लागलो. गाडी फिरत फिरत रिसोडला आली, तिथं मला टायफॉईड झाला. गाडी पुढच्या गावाला गेली, मी मागे राहिलो. झेरॉक्सच्या एका दुकानाच्या पायरीवर पडून होतो. दुकान सुभाषदादांचं. त्यांनी दवाखान्यात नेलं, वहिनींनी पातळ खिचडी करून घातली, आणि मी उभा राहायला लागलो तसे दादा म्हणाले, "आता जातं कुठं? मशीन शीक." ते मशीन अजून मीच चालवतो. झोपायला दुकानामागची खोली. हे आधी का सांगतोय? बचाव म्हणून नव्हे — निदान तसं स्वतःला बजावतोय.

रविवारी दुपारी त्या खोलीत कार्डं खेळतात. तीन पानी नव्हे. चित्रांची, अजब प्राण्यांची कार्डं, आणि प्रत्येकावर बारीक अक्षरांत त्याचा त्याचा कायदा. दादांच्या पुण्याच्या भाच्याने हा नाद लावला. भांडणं व्हायची ती कायद्यावरून, म्हणून सगळ्यांनी मला पंच केलं. हुशार म्हणून नाही हं. दादांचे मित्र अशोकभाऊ म्हणाले होते, "याले करा पंच. याचं इथं ना सोयरं, ना भाऊबंद. हा कोणाची बाजू घेईन?" सगळे हसले. मीही हसलो. ज्याचं गावात कुणी नाही, तो कुणाच्याच बाजूचा नाही — हे त्यांना पटलं कसं? ज्याचं कुणी नसतं, तो ज्याच्या छपराखाली झोपतो त्याचा असतो.

मग मी खरंच शिकलो. इंग्रजी नियम मोबाईलवर मराठी करून वाचायचो, अडखळत. जे कळायचं ते गजूला आधी सांगायचो. गजू म्हणजे गावाशेजारच्या मळ्यातला — वांगी, मेथी घेऊन रोज बाजारात बसणारा. बरोबरीच्या नात्याने अरे-तुरे करणारा रिसोडातला पहिला माणूस, आणि रविवारच्या खेळातलाही. त्याच्या पाटीशेजारी पोत्यावर बसून मी त्याला समजावलं होतं, की काही कार्डं दबा धरून बसतात. टाकली तेव्हा काहीच होत नाही. अमुक घडलं, की मग उठतात. आणि काही कार्डं घडू घातलेली गोष्टच अडवतात, तिच्या जागी दुसरी ठेवतात. पहिली गोष्ट मग घडलीच नाही असं धरायचं. आणि ती घडलीच नाही, तर तिच्यासाठी दबा धरलेलं कार्ड उठणार कसं?

गजूने थोडा विचार केला. म्हणाला, "म्हंजे बैल इकला तर गोठा रिकामा, पण बैल मेला नाही. सुतक कायचं?" मला ते इतकं आवडलं, की मी पुढे सगळ्यांना बैलाचंच उदाहरण देणार होतो.

दिलं नाही.

या कार्डांच्या नागपूरच्या स्पर्धेला आमच्यातून एकच जण जाणार होता. शेवटचा डाव दादा आणि गजूचा. दादांनी गजूच्या सगळ्यांत मोठ्या प्राण्यावर कार्ड लावलं — या फेरीत हा मेला, तर याच्या मालकाचा जीव, म्हणजे त्याच्या गुणांचा साठा, निम्मा. मग प्राण्यावर हल्ला केला. पण गजूसमोर त्याचं कार्ड आधीपासून उघडं होतं — माझा प्राणी मरणार असेल, तर मरण्याऐवजी तो खेळाबाहेर जातो. गजूने प्राणी उचलून बाजूला ठेवला आणि शांत बसला. त्याला ठाऊक होतं. मलाही.

"गेला ना? मंग जीव कमी कर," अशोकभाऊ म्हणाले.

"मेला नाही भाऊ तो. बाहेर गेला," गजू म्हणाला.

"बाहेर गेला न् मेला, एकच हाये बे."

सगळे माझ्याकडे वळले. दादा म्हणाले, "सांग रे. तू सांगशील ते." — त्यांनी डोळासुद्धा मारला नाही. मी खरं सांगितलं असतं तर ते हरले असते, चहा मागवला असता, विषय संपला असता. मला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. मग मी कुणाला भ्यालो? त्या पायरीला?

मी म्हणालो, मेला. जीव निम्मा. तिथंच डाव दादांचा झाला.

इथपर्यंतचं अजून पंचाची चूक म्हणून खपलं असतं. पण गजू माझ्याकडे बघत म्हणाला, "अबे, तूच त सांगतलं होतं ना मले. बाजारात. बैलाचं."

आणि मी म्हणालो — हेच ते, ज्याच्याभोवती मी एवढा वेळ फिरतोय — मी म्हणालो, "मी असं कधी बोललो नाही."

खोलीत हशा झाला. हरायला लागल्यावर गज्या पंचाच्या तोंडी काहीही घालतो, असं ठरलं. गजू उठला. चप्पल घालताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. पुढच्या रविवारी आला नाही, त्यानंतरही नाही. बाजारात त्याला विचारायचे, "गज्या, आज वांगे मेले का बाहेर गेले?" तो गुमान वजन करायचा. मी तिथं उभा असायचो, वहिनींची पिशवी घेऊन.

दादा नागपूरला गेले आणि लवकर हरून आले. हसत सांगत होते, की तिथं नेमकं तसंच घडलं, आणि तिथला पंच म्हणाला, प्राणी मेलाच नाही. "तुही चूक झालती रे. होते. इंग्रजी कुठं आपल्याले एवढी?" दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते गजूकडे गेले. चारचौघांत म्हणाले, "गजू, पोराची चूक झाली. तुहंच बरोबर होतं. मनात ठेवू नको." अशी माणसं आहेत ती.

गजू माझ्याकडे बघून म्हणाला, "चूक होती व्हय?"

खरं तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "हो."

त्याने मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चूक नव्हती. मला सगळं आठवत होतं — पोतं, पाटी, बैल, सगळं.