फुटाळ्याचा डोंगा समुद्रात

करंगळी तोंडात घालायची, चांगली ओली करायची आणि डोक्यावर उभी धरायची, ही त्याची सवय. नागपूरला सदर भागातल्या आमच्या सरकारी कचेरीत, गरगरणाऱ्या पंख्याखाली उभा राहून तो जाहीर करायचा, "वारा आज पश्चिमेचा हाये गा." त्या करंगळीला कधी शाई, कधी फायलींची धूळ. मी तोंड फिरवायचो. मी चहाचा कपसुद्धा घरून आणणारा माणूस, आणि नेमकं माझं टेबल त्याच्या शेजारी.

तो तलावांचे, कालव्यांचे नकाशे काढायचा. मी टपाल नोंदवायचो. खिडकीत साधी साळुंकी बसली तरी तो माझी बाही ओढायचा. "पाहून ठेव गा, पाहून ठेव." असा एखादा तुमच्याही कचेरीत असेल. मात्र त्याची करंगळी तुमच्या नशिबी नसो.

सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात चित्र होतं: निमुळता डोंगा, वरून बंद, मधोमध एक भोक, भोकात कमरेपर्यंत बसलेली गोरी बाई आणि शेजारी पाण्याबाहेर आलेला डॉल्फिन. झालं! गड्यानं बांबूच्या कामट्या, ताडपत्री आणि डांबर आणून अंगणात दोन वर्षं खपून तसाच डोंगा बांधला, फक्त दोन भोकांचा. फुटाळा तलावावर तो तरंगलाही. पण कचेरीत टिंगल थांबेना. हेडक्लार्क मिशीवर ताव देऊन म्हणाला, "तुह्या डबड्यातून समुद्रात डॉल्फिन पाह्यला, तर मी ही मिशी काढून टाकीन."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. डोंगा समुद्रात चालावा, डॉल्फिन दिसावा आणि कचेरीनं ते मानावं, एवढंच त्याला हवं होतं. दुसऱ्या भोकासाठी त्यानं मला धरलं. "तू खोटं बोलत नाहीस गा. तुह्यं सगळे मानतात." मी फुशारलो आणि हो म्हणून बसलो.

दिवाळीच्या सुटीत डोंगा सुटा करून, त्याची मोळी बांधून, आगगाडी आणि एस. टी. बदलत आम्ही कोकणातल्या एका खाडीकाठी पोचलो. परतीचा पाऊस आमच्या आधीच हजर. उतरलो त्या घरात मासळी अर्धवट वाळून सडली होती. शी! उशीला वास, पाण्याच्या तांब्याला वास. मी रात्रभर नाकाला रुमाल बांधून पडलो.

सकाळी डोंगा पुन्हा जोडून भर पावसात निघालो. घरमालकानं बजावलं, "ओहोटीच्या आधी परत या हो." आम्ही माना डोलावल्या. ओहोटी म्हणजे पाणी हातभर उतरत असेल, अशी आमची समजूत. आमच्या तलावांचं पाणी उतरायला आख्खा उन्हाळा लागतो. त्याच्या नकाशात तर काठाची रेघ एकदा काढली की हलत नसे.

खाडीच्या तोंडाबाहेर डोंगा असा काही चालला, की मी नाकावरचा रुमाल काढला. लाट आली की उचलायचा, अलगद खाली ठेवायचा. आणि अचानक डाव्या हाताला फुस्स झालं. करडी, गुळगुळीत पाठ. मग दुसरी. दोन डॉल्फिन, वल्हं लांब केलं तर लागेल इतके जवळ. एकानं श्वास सोडला तो थेट माझ्या तोंडावर. कुजक्या मासळीचा फवारा! मला ओकारी आली. मागून त्याचा आवाज आला, रडका, चिरका, "पाहून ठेव गा! पाहून ठेव!"

मग त्याला खाडीच्या आतले बगळे पाहायचे होते. एका चिंचोळ्या फाट्यात शिरलो. तो बगळे पाहत राहिला, मी ओला रुमाल पिळत राहिलो. डोंगा घासला तेव्हा कळलं, पाणी गेलं होतं. हातभर नाही, सगळंच. चारी बाजूंना काळा, बुडबुडणारा, सडक्या अंड्यांसारखा घाणेरडा चिखल.

मी संतापून बाहेर पाय टाकला आणि मांडीपर्यंत रुतलो. चप्पल गेली. अंगावरून खेकडे फिरू लागले. मी किंचाळलो. तो त्या चिखलात पालथा झोपला, सरपटत आला आणि त्यानं मला काखेत हात घालून ओढून काढलं. त्याच्या तोंडात, नाकात चिखल. आणि मी त्याला काय म्हणालो? "दूर हो. किळस येते तुझी. तुला कोणी जवळ का करत नाही ते आज कळलं."

त्यानं मला डोंग्यात चढवलं. पाच-सहा तास आम्ही पावसात पाण्याची वाट पाहत बसलो. त्यानं पुरचुंडीतला चिवडा पुढे केला, मी घेतला नाही. भरती चढू लागली तेव्हा तो हळूच म्हणाला, "कचेरीत एवढंच सांगजो गा, डोंगा चालला अन् डॉल्फिन दिसले. माह्यं एकट्याचं कोणी मानणार नाही." मी म्हणालो, "सांगीन."

नागपूरला आल्यावर पहिल्याच दिवशी, तो यायच्या आत, मी चिखलाची गोष्ट सांगितली. साभिनय. त्याचं पालथं झोपणं, सरपटणं, सगळं करून दाखवलं. लोक पोट धरून हसले. उभ्या नोकरीत माझ्यावर कोणी एवढं खूश झालं नव्हतं. तेवढ्यात तो आला. हेडक्लार्क म्हणाला, "काय गा, डॉल्फिन दिसला का?"

तो माझ्याकडे पाहून हसला. "याले विचारा नं."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी म्हणालो, "डॉल्फिन कसले? खेकडे दिसले, खेकडे!"

हेडक्लार्कची मिशी वाचली. माझा शेजारी जागेवर जाऊन बसला आणि नकाशावर वाकला. त्यानंतर त्यानं ना करंगळी ओली केली, ना माझी बाही ओढली. तो डोंगा पुढे अंगणातल्या सरपणावर पालथा पडलेला मी पाहिला. आता घाण वाटते ती त्या चिखलाची नाही. माझी वाटते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तो गेला. शोकसभेत कोणीतरी म्हणालंच, "ती चिखलाची गोष्ट सांगा." मी उभा राहिलो. म्हणालो, "डॉल्फिन दिसले होते. दोन. मी स्वतः पाहिले."

सभेत खसखस पिकली. त्यांना वाटलं, मी पुन्हा नक्कल करतोय.

पुढच्या रांगेत त्याची बायको होती. एकटी ती हसली नाही. तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं जी?" ती म्हणाली.